'ढेकळं'ची पंचवीस वर्षं

नांदेड,
४ जानेवारी २०२६

ती. अण्णास,
सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर काही विचारलं की तुझं 'बरं' एवढंच येतं, नाहीतर नुसता अंगठा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, त्यामुळे फोनचा प्रश्नच नाही. म्हणून म्हटलं, बाबा आपल्याला हॉस्टेलवर लिहायचे तसं पाकिटातलं पत्र लिहावं. लिहिताना तू माझ्यासारखाच बोलका असतोस, हे मला माहीत आहे.

आम्ही खुशाल आहोत. यांची बदली भोकरला झाली, रोजची ये-जा चालू आहे. माझी शाळा नेहमीसारखी. सहावीच्या पोरींना गॅदरिंगचा नाच बसवून माझे गुडघे गेलेत.

काल मारोती आला होता. आपल्या 'वखर' बँडचा ड्रमवाला मारोती. केस गेले, पोट सुटलं, तरोडा नाक्याला मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. चहा येईपर्यंत टेबलावर बोटांनी ठेका धरून बसला होता, ते मात्र तसंच. म्हणाला, सिंधुताई, मार्चमध्ये आपल्या 'ढेकळं' कॅसेटला पंचवीस वर्षं होऊन राहिलीत, तुम्हाला काही हाय का त्याचं? मला खरंच आठवण नव्हती. हैदराबादला रात्रीच्या गाडीनं जाऊन केलेलं रेकॉर्डिंग आठवतं, निळ्या कव्हरवर गायक म्हणून तुझं नाव छापताना बालाजीचं 'बालजी' झालं होतं तेही आठवतं, पण तारीख कोण लक्षात ठेवतं?

आता ऐक. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून आपली सगळी गाणी इंटरनेटवर टाकलीत आणि पोरं ती लई ऐकून राहिलीत म्हणे. खाली लिहितात की मराठवाड्यातला हा पहिला रॉक अल्बम. पहिला की दुसरा देव जाणे. ज्या कॉलेजच्या हॉलमध्ये आपण कॅसेटचं प्रकाशन केलं, तिथंच ८ मार्चला, रविवारी, मारोतीला कार्यक्रम करायचाय. मी दोन गाणी म्हणावीत आणि तू पुढच्या खुर्चीत बसावंस, एवढंच त्याचं मागणं. अण्णा नाही म्हणला तर लातूरला येऊन दारात बसतो, म्हणाला. तो बसेलही.

तू ती गाणी ऐकलीस का रे? वहिनींना नमस्कार, माझ्या भाचीला, पुनमला आशीर्वाद. संक्रांतीला तिला पाठव, तिळाच्या पोळ्या करते. तुझी माया आजवर होती तशीच असू दे.

तुझी,
सिंधु


लातूर,
११ जानेवारी २०२६

चि. सौ. सिंधुस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी तुझ्या गीतांजलीवहिनीनं वाचलं, मग मी.

मी येणार नाही. मारोतीवर राग नाही, त्याला तसं सांग. वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. 'पंचवीस वर्षं' वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेलो, जसं पेपरात परगावच्या कुणाची बातमी वाचतो तसं.

क्लासवाल्यांनी नोकरी ठेवली, हे त्यांचे उपकार. पूर्वी माईक घेऊन दोन-दोन हॉलभर पोरांना गणित शिकवायचो. आता मागच्या खोलीत बसून टेस्टचे पेपर काढतो. पोरं जिन्यात भेटली की नमस्कार करतात, मी मान हलवतो. गळ्याच्या छिद्रावर पांढरं सुती फडकं बांधतो, पोरांची नजर तिथं जाते आणि लगेच खाली वळते. त्याचंही काही वाटत नाही.

घरात मात्र एक गोष्ट झाली आहे, ती तुला सांगतो. मी गप्प झालो आणि मग हळूहळू सगळेच हळू बोलायला लागले. गीतांजली मिक्सर लावायच्या आधी स्वयंपाकघराचं दार ओढून घेते. टीव्हीचा आवाज बंद करून दोघी खालच्या पट्टीवरचं वाचत बसतात. पुनम पायात मोजे घालून चालते. मी कुणालाच असं करा म्हटलेलं नाही. तसं करू नका, हे बोलण्यासाठी ठेवलेल्या पाटीवर लिहावं असं कधी मनात येतं, पण खडू हातात घेईपर्यंत राहू दे वाटतं. मग राहूनच जातं.

गाणी ऐकली नाहीत. तीच काय, कुठलीच नाहीत.

पुनमला मंगळवारच्या बसनं पाठवतो. सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवून लिहिलंस, पुढेही लिहीत जा.

तुझा,
बालाजी


नांदेड,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

पुनम काल सुखरूप पोचल्याचा वहिनींचा निरोप आला. तिच्याबरोबर दिलेल्या पोळ्या तुपाशी खा, नुसत्या चिरडून नको. घशाखाली नीट जातं ना आता?

पुढचं जे लिहिते ते तुला सांगू नको म्हणून पोरीनं मला शपथ घातली होती. मी सांगतेय. रागवू दे माझ्यावर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी खाली भाजी निवडत होते. वरून गाणं आलं. आपलं, 'बाभळीखाली सायकल'. अर्धवट गुणगुणणं नव्हे, मोकळ्या गळ्यानं, दोन्ही अंतऱ्यांसकट. शेजारच्या चांगुणाबाई कुंपणाशी येऊन विचारत्या झाल्या की कुणाचा रेडिओ लावलाय गं, लई छान हाय. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

वर जाऊन विचारलं, कुठं शिकलीस. कॉलेजच्या बसमध्ये कानात घालून ऐकते म्हणाली, रोज, जाताना आणि येताना. मग मी विचारलं की घरी का गात नाहीस. बराच वेळ चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, आत्या, बाबांसमोर गाणं म्हणजे पाय गेलेल्या माणसासमोर पळून दाखवल्यासारखं होईल.

अण्णा, हे तुला माहीत असायला पाहिजे असं मला वाटलं.

मारोतीला मी फोनवर तिचं गाणं ऐकवलं. पलीकडं टेबलावर बोटांचा ठेका ऐकू आला. मग म्हणाला, हीच म्हणंल, दुसरं कुणी न्हाई. पण तू हो म्हटल्याशिवाय ती स्टेजवर पाय ठेवणार नाही, हे मी तिला ओळखते म्हणून सांगते. तू येऊ नकोस हवं तर. तिला गाऊ दे.

उत्तराची वाट पाहते. लहान बहीण म्हणून एवढा हट्ट चालवून घे.

तुझी,
सिंधु


लातूर,
२६ जानेवारी २०२६

चि. सौ. सिंधुस,
आशीर्वाद.

गाऊ दे.

पाटीवर लिहून तिच्यापुढं धरलं: नांदेडला गाशील का? तिनं वाचलं, आत्यानं सांगितलं ना, असं पुटपुटली आणि रडायला लागली. मी पाटी धरून उभा होतो. बापानं अशा वेळी जवळ घ्यावं, हे मला कळत होतं. शेवटी गीतांजलीनं घेतलं.

शिकवणं माझ्याकडून होणार नाही. न गाता कसं शिकवतात मला माहीत नाही. दर रविवारी सकाळच्या बसनं तिकडं येईल, तू आणि मारोती बघून घ्या. सुरुवातीला कॅसेटवरचा माझा आवाज लावू का, असं मारोतीनं मोबाईलवर विचारलंय. लाव म्हणावं. मला फरक पडत नाही.

मीही येईन बहुतेक. गीतांजली एकटी कशी येणार परत? बाकी ठीक. सर्वांस आशीर्वाद, जीव लावतेस तो असाच लावत राहा.

तुझा,
बालाजी


नांदेड,
१० मार्च २०२६

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

ही काय रीत झाली? कार्यक्रम अर्धा राहिला असताना उठून गेलास. मी स्टेजवरून खाली आले तर तुझी खुर्ची रिकामी, वहिनी पदर तोंडाला लावून बसलेल्या. म्हणाल्या, ते एष्टी स्टँडवर थांबतो असं लिहून गेले. लोक विचारत होते, कुणी उदगीरहून आलं होतं, कुणी थेट पुण्याहून. मी तब्येतीचं कारण सांगत राहिले.

मारोतीनं अंधार करून तुझा आवाज लावला तेव्हा मी पडद्याआडून तुझ्याकडेच बघत होते. मारोती ड्रमच्या मागं टिपऱ्या मांडीवर ठेवून लहान मुलासारखा रडत होता. माझंही तेच. तू वर पंख्याकडं बघत होतास. मला भीती वाटली तुझी, खरं सांगते.

मग पुनम आली. घाबरली होती, माईक दोन्ही हातांनी धरला होता, पण पहिल्या ओळीनंतर तिनं वर बघितलं आणि मग ती कुणाचीच राहिली नाही. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणताना तिनं समोर बघितलं तर तू नव्हतास.

खाली आल्यावर एवढंच म्हणाली की बाबांना आवडलं नाही. हार घातले, फोटो काढले, तिचा चेहरा काही उजळला नाही. वहिनींचा निरोप आहे की लातूरला गेल्यापासून ती जेवायलाही वेगळी बसते.

चूक माझी असेल. येणार नाही असं तू आधीच लिहिलं होतंस, तरी मी ते उकरलं. तुला दुखवलं असेल तर तसं लिही. नुसता अंगठा पाठवू नकोस. रागावलास तरी परकी करू नको.

तुझी,
सिंधु


लातूर,
१७ मार्च २०२६

चि. सौ. सिंधुस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

माझा आवाज लावला तेव्हा मी पंख्याकडं बघत होतो, बरोबर. तो पोरगा बरा गात होता. ओळखीच्या कुणाच्या तरी लग्नात बसल्यासारखं वाटलं, घरचं नव्हे, ओळखीचं. सगळे रडत होते म्हणून आपणही रडायला पाहिजे की काय, असा विचार येऊन गेला. रडू आलं नाही.

मग पुनम गायली. पहिला अंतरा चांगला म्हणाली. दुसऱ्या अंतऱ्यात, सायकल ढकलत पोरगा बांधावर चढतो तिथं, तिनं शब्दाच्या मधेच श्वास घेतला. सायकलचे दोन तुकडे झाले. सिंधु, मला राग आला. एवढा राग, की खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि शेजारच्या माणसानं वळून बघितलं. ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा मला राग आला नव्हता. क्लासमध्ये मागच्या खोलीत बसवलं तेव्हा आला नव्हता. तिथं आणखी थांबलो असतो तर उठून स्टेजवर गेलो असतो आणि माईक धरून, न येणाऱ्या आवाजात, काय केलं असतं कोण जाणे. म्हणून बाहेर पडलो. तुम्ही दुखवलं म्हणून नाही.

घरी आल्यावर आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही. काल न राहवून पाटीवर लिहिलं: दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चुकला. तिनं वाचलं, बरं म्हणाली आणि मोज्यांवर आत गेली. मी तिथंच उभा. मग ती परत आली. आणि बोलली. हळू नाही. म्हणाली, अर्ध्यातून उठून गेलात, एवढ्या लोकांत मला एकटीला सोडून गेलात, आणि आता श्वासातली चूक काढताय? कॅसेटवर तुम्हीच तिथं श्वास घेतलाय, मी शेकडो वेळा ऐकलंय.

मी लिहिलं: शक्य नाही. खडू मोडला. ती म्हणाली, ऐका मग. मोबाईल आणला, आवाज पूर्ण वाढवला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

सायकल ढकलत तो बांधावर चढतो आणि तिथं, शब्दाच्या मधोमध, मी श्वास घेतलेला आहे. नाकानं घेतलेला, चांगला ऐकू येतो.

पुन्हा लाव, अशी खूण केली. तिनं लावलं. पुन्हा. मला तो श्वास पुनःपुन्हा ऐकायचा होता. गाणं राहू दे, तोच. किती वेळ ते चाललं होतं सांगता येत नाही. माझा हात आपसूक गळ्याच्या फडक्यावर गेला होता. पुनमनं ते बघितलं, पण नजर खाली घातली नाही. बघतच राहिली.

मग मी, मास्तर तो मास्तरच, लिहिलं: तेव्हाही चुकलाच होता. तू का तसाच घेतलास?

तर ती ओरडली. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. गीतांजली पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तीही ओरडली, की काय लावलंय हे बापलेकीनं, शेजारी काय म्हणतील. मी पाटीवर ऐकू दे असं लिहून तिच्यापुढं धरलं, पण ती वाचायला थांबलीच नाही, बोलतच राहिली. खूप बोलली. वर्षभराचं होतं ते. मी दारात उभा राहून सगळं ऐकलं.

मला बरं वाटलं, असं लिहिणार नाही. अजून तसं काही नाही. पुनमही बोलत नाही माझ्याशी. पण आज सकाळी मोजे न घालता, चपला फटफटत कॉलेजला गेली.

परवा पाडवा, म्हणून हे पत्र आजच्या कुरियरनं धाडतो. तुझ्या यांना घेऊन ये, मारोतीलाही आण. येताना जिन्यातूनच हाका मारत ये. आमच्यावर जीव आहेच तुझा, तो तसाच राहू दे.

तुझा,
बालाजी