विसावी जागा

धाकटे, दादाचे तुला अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे?

मी ठीक आहे. साथीमुळे माझ्या बसमध्ये वीसच प्रवासी घ्यायचे असतात. अर्धा रस्ता सायकलींना दिलाय, हवा छान झालीय.

सोमवारी तुझे यजमान बसच्या दाराशी आले. म्हणाले, "दादा, दम लागतोय, घ्या ना."

"वीस झाले. कंडक्टरचा मेहुणा म्हणून नियम मोडू? सायकल घ्या, सरकारी आहे, फुकट आहे!" लोक हसले. तेही हसले.

चढावर ते सायकलवरून कोसळले. दवाखान्यात आहेत, घाबरू नकोस. अजून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, बायकोला बोलवा.

त्या फेरीत मधे कुणी उतरलं नाही; शेवटच्या थांब्यावर उतरणारे मोजले, तर एकोणीसच. घाईत मी स्वतःलाच धरून मोजलं होतं.

लगेच निघ. स्टेशनवरून माझ्याच बसने ये, जागा आहे.

तुझाच,
दादा