अमरावतीच्या मैदानावर तू आली होतीस

माय, परवा टीव्हीवर खो-खोचा सामना पाहिला. पळणाऱ्या एका मुलीच्या छातीवर बोटभर कॅमेरा बांधला होता. तिला जे दिसतंय ते घरी बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं. जमीन हलते, खांब अंगावर येतो, मागच्या मुलीचा हात खांद्याजवळून निसटतो. नात टाळ्या वाजवत होती आणि मला तू आठवलीस. तुला तेव्हा हेच तर पाहायचं असायचं.

अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, कापूस निवडून तू दिवस मावळता घरी यायचीस, केसांत रुईचे तंतू घेऊन. भाकरी थापता थापता विचारायचीस. कोण जिंकलं हे कधीच नाही. "पयताना काय काय दिसलं व तुले?" मग मी सांगायचे, चुन्याच्या रेघा, बाईंची शिट्टी, समोरच्या मुलीची सुटलेली वेणी. ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपायची. तू एकही सामना पाहिलेला नव्हतास, सुट्टीच मिळत नव्हती.

मी अकरावीत असताना शाळेचा संघ अमरावतीला गेला. दुसऱ्या डावात पळून मी बाहेर येऊन बसले, तर दोरीपलीकडे तू. जिनात खाडा करून, सकाळची गाडी धरून, बडनेऱ्याला उतरून तिथून पायी आली होतीस. हे पुढं शेजारच्या मावशीनं सांगितलं. धम्मदीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसली होतीस. त्या लुगड्यावरून आपली वस्ती कुणीही ओळखली असती, आणि संघातल्या मुलींना ती मी सांगितली नव्हती. दोन वर्षं त्यांच्या तांब्यानं पाणी पीत होते.

तू हात वर केलास. शेजारची मैत्रीण म्हणाली, "ते बाई तुले बोलावून राहिली काय?"

"मले नाई," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाले पाहून राहिली असन."

तू चार पावलांवर होतीस. हात हळूच खाली घेतलास, पदर सारखा केलास आणि डाव संपेपर्यंत तिथंच उभी राहिलीस. नंतर पाहिलं तर नव्हतीस.

आमचा मुक्काम तिथंच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी येते तर तू चुलीपुढे, तळपायाला फोड. विचारतेस, काय काय दिसलं. मी अख्खा सामना सांगते. दोरी सांगते, दोरीपलीकडची माणसं सांगते. तू मान खाली घालून ऐकतेस.

"एवढंच दिसलं?"

"एवढंच."

"बरं. जेवून घे."

त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. दोन वर्षांनी खोकल्यानं गेलीस. शेवटचा आठवडाभर मी उशाशी होते, सांगायला वेळ पुष्कळ होता. पुढं मास्तरीण झाले, पोरींना खो-खो शिकवला, सामन्याला प्रत्येकीच्या आईला बोलावून पुढं खुर्ची दिली. त्यानं काही भागलं नाही.

आणि तू गेलीस त्या दिवशी, रडता रडता, मला आतून हायसं वाटलं होतं, की आता अमरावतीचा विषय कधी निघणार नाही.

पत्र टाकायला पत्ता नाही. तुला वाचताही येत नव्हतं, गावाकडून आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही मीच वाचलं असतं, आणि वरची ती ओळ गाळली असती.