पावणेदोन किलो

ती. आईस,
वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. सातवा लागला, बाळ सारखं लाथा मारतं. फोनवर तिकडे काकू स्पीकर लावून बसते, म्हणून हे पत्र.

तपासणीत शुगर वाढलेली निघाली. घाबरू नकोस, पथ्य सुरू आहे. तुझा लाडका जावई सुशांत रोज मला कोलशेतच्या खाडीपर्यंत चालवून आणतो. पण घरात मला एका जागी फार वेळ बसवतच नाही गं, पाठ भरून येते. लाडू पाठवू नकोस.

डॉक्टरबाईंनी माझं जन्माचं वजन विचारलं. मी हसत पावणेदोन किलो सांगितलं, आणि तुझी नेहमीची गोष्टही. आजी म्हणायची, बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं, म्हणून तू अर्धीच भाकरी खायचीस. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोटात आबाळ झालेल्या मुलांना पुढे शुगर, बीपी, हृदयाच्या दुखण्याचा धोका जास्त असतो. आणि आता माझी शुगर आटोक्यात राहिली नाही, तर तोच धोका माझ्या बाळालाही.

येताना रिक्षात तुझा रागच आला, खोटं कशाला सांगू. घरी जेवायला अर्धा तास उशीर झाला तर मला भूक सहन होईना, सुशांतवर ओरडले. आणि एकदम मनात आलं, तुला नऊ महिने किती भूक लागली असेल! ते तू कधीच सांगितलं नाहीस.

बाबांचं बीपी कसं आहे? तू अजून सगळ्यांच्या मागूनच जेवतेस का? उत्तर लिही. पण आधी पोटभर जेव, मग लिहायला बस.

तुझी,
समीक्षा