तिन्ही सह्या माझ्याच

मी, रुद्रम्मा पिता पंचाक्षरी हत्तरगे, वय त्रेसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार उस्मानाबाद, माझ्या मागे काय व्हावे ते येथे सांगून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, हात शाबूत नाहीत. कायद्याला बुद्धी पुरते. मजकूर माझा, अक्षर अर्जनवीस व्यंकटराव यांचे. त्यांनी सुरुवातीला 'ईश्वरेच्छा बलीयसी' असे घातले होते. ते मी खोडायला लावले.

"बाई, सगळ्याच मृत्युपत्रांत असतंय ते."

"माझ्यात नसेल. पुढं लिहा."

१. मालमत्तेआधी आजार लिहिते, कारण आमच्या घरात वारसाहक्काने तोच आला आहे.

पूजेच्या वेळी वडिलांच्या डाव्या तळहातावरचे इष्टलिंग हलू लागले, तेव्हा आईने शेजारणींना सांगितले, "ध्यान लागलंय त्यांचं." सहा वर्षे आम्ही त्याला भक्ती समजलो. बायका दर्शनाला येत. एके दिवशी लिंग हातातून पडले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत आणि पुन्हा कधी पूजेला बसले नाहीत. रोगाचे नाव कंपवात. इंग्रजी डॉक्टर त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात, हे मला पुण्याला कॉलेजात असताना कळले. तोवर वडील गेले होते.

पुढे धाकटा भाऊ शरणबसप्पा. कापडाचे दुकान होते त्याचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला कापड मोजायचा गज हातात धरवेना. येडशीचे गोरोबा वैद्य रामलिंगाच्या रानातून खाजकुयरीच्या शेंगा आणत. बी दुधात उकडायचे, साल काढायची, वाळवून पूड करायची. पूड घेतली की पाऊण तासाने हात थांबे, साडेतीन-चार तास थांबलेला राही, मग पुन्हा सुरू. माझी जुनी विद्यार्थिनी खैरुनबी दवाखान्यात नर्स आहे. तिने आणि मी नऊ वर्षे हे वह्यांत टिपले. पूड किती, घेतली केव्हा, हात थांबला केव्हा, ओकारी झाली का. रोज शरणबसप्पाच्या दोन सह्या घेत असू, एक पूड घेण्याआधी, एक नंतर.

२. सरकारकडे मी एवढेच मागितले, की एक डॉक्टर आणि एक खोली दोन वर्षे द्यावी आणि या बीचे संशोधन करावे. औषध सापडले असे मी कधी लिहिले नाही. शोधून पाहा, असे लिहिले. पहिला अर्ज १९५४ चा. छप्पन साली जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला. जुन्या राजधानीने कळवले, आपला जिल्हा आता आमच्याकडे नाही. नव्या राजधानीने कळवले, मागील कागद आमच्याकडे आलेले नाहीत. पुन्हा अर्ज केला. त्यात बी हा शब्द पाहून कोणीतरी तो शेतकी खात्याकडे पाठवला. त्या खात्याने मला विचारले, एकरी उत्पन्न किती.

अठ्ठावन्न साली मात्र आरोग्य खात्याचे एक साहेब रोगी पाहायला घरी यायचे ठरले. माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक त्या दिवशीची.

सकाळी शरणबसप्पा म्हणाला, "अक्का, पूड दे. पाव्हण्याला च्या म्या देणार, माझ्या हातानं."

"ते तुझा हात हलतो का तेच बघायला येताहेत. हलू दे."

"बघतील की मग. पर आधी च्या. घरचा धनी खाटंवर बसलाय अन् पाव्हणा हातानं कप उचलून घेतोय, असं आपल्या घरात कधी झालंय?"

झाले नव्हते. मीही त्याच घरातली. नऊ वाजता पूड दिली. साहेब दहाला आले. शरणबसप्पाने स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत कप नेला, बशीत थेंब सांडला नाही. मी साहेबांना म्हटले, दोन वाजेपर्यंत थांबा, पूड उतरल्यावर पाहा, या वह्या चाळा.

"बाई, मला बारापर्यंत तुळजापूर गाठायचंय. मंडळी जीपमध्ये बसलीत."

अहवालाची नक्कल दोन महिन्यांनी आली. 'रुग्णाचा हात स्थिर आढळला. रोगाची लक्षणे दिसून आली नाहीत. सबब संशोधनासाठी अनुदान देण्याचे कारण उरत नाही.' शरणबसप्पाने ती दोनदा वाचून घेतली. "औषध लागू पडलं म्हणून औषध नको म्हंत्यात," असे म्हणून हसला. तो हसलेला मी पाहिला तो शेवटचा, पुढे त्याचा चेहरा हलेना. एकसष्ट साली घास गिळवेना म्हणून गेला. त्याआधी राज्य पुन्हा नवे झाले होते. मी तिसरा अर्ज केला. त्याला उत्तर नाही.

३. नऊ वर्षांच्या अकरा वह्या खैरुनबीला. कोणी डॉक्टर मागेल तर तिने द्याव्यात. कोणी मागेल असे मला वाटत नाही, आणि तिलाही तसे खोटे सांगत नाही.

४. तो कप आणि बशी फोडून टाकावी.

५. देह चिरफाडीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा म्हणून मी दोन पत्रे लिहिली. इतक्या लांबून देह आणण्याची तरतूद नाही, असे कळले. तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरावे. डाव्या तळहातावर लिंग ठेवतीलच. ते हलणार नाही.

६. घर शरणबसप्पाचा मुलगा महालिंगप्पा यास. असा मुलगा बापाला शोभत नाही. मुलीकडचे लोक त्याला पाहायला यायचे तेव्हा त्याने बापाला मागच्या खोलीत कोंडून 'वडील भूमला गेलेत' असे सांगितले, आणि बाप आत खाट वाजू नये म्हणून जमिनीवर बसून राहिला. हे मी विसरलेले नाही. तरी घर त्यालाच. अट एकच. मागच्या कुंपणावर मी खाजकुयरीचा वेल लावला आहे, तो तोडायचा नाही. पोरांना खाज सुटते म्हणून तो तोडायला निघाला होता.

अटीचे कारण असे. गेल्या दिवाळीत फराळाला बसला असताना महालिंगप्पाच्या हातातली बशी वाजली. त्याने दुसऱ्या हाताने ती धरली आणि माझ्याकडे पाहिले. मी चिवडा वाढत राहिले. महालिंगप्पा, तुझे वय एकोणचाळीस. बी कसे शिजवायचे ते खैरुनबी सांगेल. ते हात थांबवते, रोग थांबवत नाही. त्यापुढचे शोधणे माझ्याच्याने झाले नाही आणि ज्यांच्याने झाले असते त्यांनी केले नाही. तुझ्या मुलांकडे लक्ष ठेव.

७. हे मृत्युपत्र लखोट्यात बंद करून जिल्हा निबंधकांकडे ठेवायचे आहे. व्यंकटरावांकडून खात्री करून घेतली की असा अस्सल कागद सरकारला जपावाच लागतो. अर्ज हरवता येतो, हा हरवता येत नाही. म्हणून वह्यांतल्यासारखे एक पान मी यातच घालते. पूड आता मीही घेते. खाली आज एका दिवसात तीन वेळा सही करीन, पूड घेण्याआधी, घेतल्यावर आणि उतरल्यावर. यांतली खरी कोणती असे कोणी विचारले तर तिन्ही. व्यंकटराव म्हणाले, "बाई, नोंदवहीत नक्कल करणारा तिन्ही एकाच अक्षरात उतरवील." उतरवील. नक्कल पाहू नये, अस्सल पाहावे. पाहणारा येईल या भरवशावर मी हे करत नाही. करायचे दुसरे काही उरले नाही.

साक्षीदारांना यातले काही मिळणार नाही. त्यांतला बलभीम आमच्या शाळेचा शिपाई. पगाराच्या कागदावर अंगठा चालणार नाही असे बजावून मी त्याला सही शिकवली.

उस्मानाबाद, दिनांक १७ फेब्रुवारी १९६४.

सकाळी आठ, पूड घेण्यापूर्वी: (सही) रुद्रम्मा पं. हत्तर (पुढील अक्षरे लागत नाहीत)

सकाळी दहा, पूड घेतल्यावर: (सही) रुद्रम्मा पंचाक्षरी हत्तरगे

दुपारी अडीच: लेखणी दोनदा धरली, धरवली नाही. डाव्या हाताचा अंगठा.

वरील तिन्ही निशाण्या बाईंनी आम्हा दोघांदेखत केल्या. आम्ही सकाळपासून येथे बसून आहोत.

(सही) बलभीम पिता ज्ञानोबा माने, शिपाई
(सही) शेख गफार वल्द खाजामियाँ, कंपाउंडर
लिहिणार: (सही) व्यंकट पिता माधव सांजेकर, अर्जनवीस