पत्त्यात ठेवलेली चावी

प्रिय लेकी इंदाय,

तुझ्या तब्येतीची चौकशी शेवटी करीन. आधी रागाचं लिहिते, कारण राग निवला की मी मवाळ होते आणि या वेळी मला मवाळ व्हायचं नाही. फोनवर तू मध्येच तोडतेस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. पूर्ण वाच.

माझ्या दहावीच्या वर्गातली हर्मेलिन तुला आठवत असेल. नाताळात आपल्याकडे तांदळाचा केक, बिबिंका, घेऊन आली होती. जाताना म्हणाली, "मॅडम, मलाही तुमच्या मुलीसारखं सेबूला जाऊन कॉम्प्युटरचं काम करायचंय." ती आता शाळेत येत नाही.

तुमच्या कंपनीचं समुपदेशनाचं ॲप आमच्या शाळेच्या वेबसाइटच्या पानातच बसवलेलं आहे. मुली त्यात समुपदेशक बाईंची वेळ घेतात आणि तोंडाने सांगता येत नाही ते लिहून कळवतात. हर्मेलिनने लिहिलं होतं की वडिलांचं दुबईत दुसरं घर आहे, हे तिला कळलंय, आईला नाही. मागच्या आठवड्यात तिने त्याच ॲपमधल्या वेळापत्रकाच्या पानाचा पत्ता वर्गाच्या ग्रुपवर टाकला. इथे कोणाच्या फोनमध्ये लोड, म्हणजे भरलेला रिचार्ज, असतो, कोणाच्या नसतो. जिच्याकडे असतो ती पान शोधते आणि बाकीच्यांना पत्ता पाठवते, म्हणजे त्यांचा लोड शोधण्यात संपत नाही. तूही असल्याच ग्रुपांवर वाढलीस. मुलींनी पत्ता दाबला आणि प्रत्येकीच्या फोनमध्ये हर्मेलिनचं खातं उघडलं. संध्याकाळी मासळीबाजारात कोणीतरी तिच्या आईला विचारलं, "काय गं, दुबईला तुझ्या सवतीचं बरं चाललंय ना?"

हे कशामुळे झालं ते मला कोणाला विचारावं लागलं नाही. नाताळात तूच सांगितलं होतंस. एका वेबसाइटच्या पोटात दुसऱ्याचं ॲप बसवलं, की त्या आतल्या ॲपने ठेवलेली ओळखीची खूण, म्हणजे कुकी, ब्राउझर आता मानत नाही. जाहिरातवाल्यांनी त्याच खुणांवरून लोकांचा माग काढला, म्हणून ही बंदी. त्यापायी आमच्या मुली लॉगिन करायच्या आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर येऊन पडायच्या. सरळ उपाय होता. पानावर एक बटन ठेवायचं; दाबलं की ॲप स्वतःच्या वेगळ्या पानात उघडेल. पण आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर ऑरेलिया यांना सगळं शाळेच्याच पानात दिसायला हवं होतं, आणि तुझ्या साहेबाला सिस्टर खूश हव्या होत्या. म्हणून तू लॉगिनची चावी थेट पानाच्या पत्त्यात घातलीस. "नानाय, ब्राउझरने दार लावलं, मग मी खिडकीतून गेले," म्हणालीस आणि हसलीस. मी विचारलं, पत्ता दुसऱ्या कोणाला दिला तर? "एवढा लांबलचक पत्ता कोण कोणाला देतंय?" तुला गणित मी शिकवलं. उत्तर आलं तरी पडताळा घ्यायचा, हे किती वेळा सांगितलं असेल?

तरी एका चुकीपायी मी एवढी चिडले नसते. घाईत चुका होतात. काल हर्मेलिनच्या घरी गेले. आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मुलगी पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "मॅडम, चूक माझीच आहे. मीच माझं खातं सगळ्यांना वाटलं. सोमवारी सिस्टर माझी शिष्यवृत्ती बंद करतील, ते बरोबरच आहे." मी तिला म्हटलं, "वेळापत्रक पाठवणं म्हणजे खातं वाटणं नव्हे." तिने पुढची घडी घालत तेच पुन्हा म्हटलं. तिला ऐकलेलं पाठ झालं होतं.

आणि सिस्टरांनी तिला ऐकवलेलं ते वाक्य मुळात कुठून आलं, हे मला माहीत आहे. परवा सिस्टरांनी तुमच्या कंपनीला फोन लावला होता. पलीकडून उत्तर आलं, "आमच्या ॲपमध्ये काही दोष नाही, सिस्टर. मुलीने स्वतःच आपलं खातं सगळ्यांना वाटलं." फोन स्पीकरवर होता, इंदाय, आणि मी समोरच्या खुर्चीत बसले होते. मी तिथे तोंड उघडलं नाही. वाक्य तुझं आहे, मागे तूच घ्यायला हवंस. आधी ती चावी पत्त्यातून काढ. मग शनिवारच्या बोटीत बस. रविवारी सकाळी मी धक्क्यावर असेन, तिथून आपण थेट हर्मेलिनच्या आईकडे जाऊ, आणि सोमवारी सिस्टरांकडे. तू आली नाहीस तर मी एकटी जाईन आणि चावी कोणी ठेवली ते नाव घेऊन सांगेन. माझ्याच मुलीचं नाव आहे, म्हणून आवाज खाली करणार नाही.

तब्येत कशी आहे? बोटीवर थंडी असते. जाड जाकीट घे.

तुझीच,
नानाय