न्हाणीतला बेडूक

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. दवाखान्यातलं काम अंगवळणी पडलंय. खोलीला जराशी ओल आहे, पण चालतं.

काल न्हाणीतल्या बादलीत मग बुडवला, तर आत अंगठ्याएवढा बेडूक! "आई गं, बेडूक!" मी किंचाळलेच. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "घाबरू नका, आले मी!" या परक्या मुलखात, चक्क मराठीत! इतके महिने वर राहणाऱ्या त्या शिवणकामवाल्या बाई आणि मी, एकमेकींना इथल्याच समजून, जिन्यात नुसत्या माना हलवत होतो.

त्यांनी बेडूक मगातून नेऊन मागच्या गवतात सोडला. मग आम्ही इतकं बोललो, की माझा घसाच बसला.

तुझा खोकला कसा आहे? बाबांना सांग, हाकेला ओ देणारं माणूस मिळालंय.

तुझीच,
धाकटी