सिंधूसाठी कौल लावू नये

आज दिनांक १४ जून १९८१, रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. नाशिकच्या दवाखान्यात खाटेवर बसून, चहा हुंगून बाजूला ठेवून, मी मल्हारी सहादू दिवटे, वय २३, शिक्षण नववी, धंदा पैठणी विणणे, राहणार येवला, हे मृत्युपत्र लिहितो. उद्या अपेंडिक्सचे ऑपरेशन आहे. "साधं आहे," असे डॉक्टर दोनदा म्हणाले. साधे असते तर एकदा म्हणून भागले असते. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा आई चिमणाबाई हिला.

२. पोस्टातली शिल्लक बहीण सिंधूला. ती यंदा दहावी पास झाली. ही रक्कम शिक्षणासाठी आहे, लग्नासाठी नव्हे. पासबुकाची जागा आईला ठाऊक आहे. ती सावळीरामकाकांना सांगू नये.

३. सिंधूने पुढे काय करावे यासाठी देवीला कौल लावू नये. माझी नववी झाली तेव्हा काकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाने चिकटवली. उजवे म्हणजे माग, डावे म्हणजे शाळा. आधी पडेल ते करायचे. उजवे लगेच पडले. डावे दुसऱ्या दिवशीही तसेच होते. मी ते ओढून काढले. पाने नुसत्या पाण्याने चिकटवायची असतात; त्याच्या मागे सुताला लावतात ती चिकट खळ होती. काकांच्या मागावर तेव्हा माणूस कमी होता. मी विचारले तर म्हणाले, "आरं, देवीवर संशय घेतो?" देवीवर नव्हता.

४. सिंधूचे मन तीनदा बदलले: नर्स, शिक्षिका, आता टायपिंग. काका म्हणतात, "पोरीला काय ठरवता येतंय!" माझ्या मते ती ठरवतेच आहे. तिला वेळ द्यावा. मात्र मैत्रिणी निघाल्या म्हणून तिनेही निघू नये. माझा वर्गमित्र शौकत तसाच चौघांबरोबर मनमाडला रेल्वेत लागला. पगार बरा आहे, तरी भेटला की विचारतो, "मल्हारी, मला दुसरं काय जमलं असतं रे?"

५. सायकल शौकतला. मागावर आडवा दोरा फेकायचा माझा धोटा काकांना. तो आपलाच होता असे ते म्हणणार, म्हणून आधीच देतो.

साक्षीला इथे आलेल्या शौकतबरोबर काकांचीही सही मुद्दाम घेत आहे, म्हणजे कलम तीन ठाऊक नव्हते असे नंतर म्हणता येणार नाही. त्यांनी वरचे सगळे वाचले. म्हणाले, "सही करावी का नाय, देवीला विचारून सांगतो."

"विचारा काका. पण या वेळी पानं मी चिकटवणार."

काकांनी शौकतच्या हातातून पेन घेतले.

लिहून देणार: मल्हारी सहादू दिवटे
साक्षीदार: शौकत रहेमान शेख, मनमाड
साक्षीदार: सावळीराम दिवटे, येवला
नाशिक, १४ जून १९८१